फाटक नसलेले मैदान

गोल्फ हा खेळ आपल्या वस्तीतल्या माणसाने सहसा कुंपणाबाहेरूनच पाहिलेला असतो. तारेपलीकडे हिरवेगार गवत, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे, आणि त्यांच्या मागून काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा एखादा पोरगा. आमचे वडील, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळे नाना म्हणतात, ते त्या पिशवीखालचे पोरगे होते. साठच्या दशकात, शाळेच्या सुट्टीत आणि पुढे शाळा सुटल्यावर, त्यांनी एका गोल्फ मैदानावर तीन वर्षे कॅडीचे काम केले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा, चेंडू शोधून देणारा, आणि वारा कुठून येतो, उतार कुठे जातो हे विचारल्यावरच सांगणारा.

एका संध्याकाळी सगळे साहेब निघून गेल्यावर नानांनी पिशवीतली एक काठी काढली आणि एकच चेंडू मारला. तो किती लांब गेला हे त्यांना आजही आठवते. पण रखवालदाराने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरच त्यांना सांगण्यात आले की आता आत यायचे नाही. पुढे नाना कारखान्यात लागले, घर उभे केले, आम्हा भावंडांना शिकवले. ही गोष्ट मात्र त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. सांगितली ती नातीला, फोनवर.

आमची मुलगी परिचारिका आहे. तीन वर्षांपासून ती स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात एका रुग्णालयात नोकरी करते. तिचा हट्ट होता की आम्ही उभयतांनी आणि नानांनी एकदा तिकडे यावे. नाना नको म्हणत होते. "एवढे पैसे घालून थंडी खायला कशाला?" हा त्यांचा प्रश्न. मग एके दिवशी ती म्हणाली, "नाना, माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर सेंट अँड्र्यूज आहे. गोल्फचं मूळ गाव म्हणतात त्याला. तुम्हाला तिथे खेळायला नेते." नाना बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तिथं फाटकावर कोण बसतं?"

"नाना, तिथे फाटकच नाही," ती म्हणाली.

त्या एका उत्तरावर आमची सहल ठरली. ती कशी आखली, काय जमले आणि काय परवडले नाही, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. आपली मुले-मुली आता दूरदेशी नोकरीला जाऊ लागली आहेत. उद्या कोणाला तिकडे जाण्याचा योग आला, तर उपयोग होईल.

सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे, फाइफ नावाच्या शेतीच्या प्रदेशातले लहान गाव. तीन मुख्य रस्ते, ते तिन्ही जुन्या पडक्या कॅथेड्रलपाशी जाऊन मिळतात. १४१३ साली स्थापन झालेले, स्कॉटलंडमधले सर्वांत जुने विद्यापीठ इथेच आहे. गावाच्या वायव्येला, समुद्र आणि शेते यांच्यामध्ये, वाळूवर उगवलेल्या आखूड गवताचा एक पट्टा आहे. अशा जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. नांगराला ती निकामी, पण मेंढ्यांना, सशांना आणि गोल्फला उत्तम. सुमारे सहाशे वर्षांपासून स्कॉटलंडचे लोक हा खेळ खेळत आहेत. १४५७ साली तिथल्या राजाने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत. म्हणजे त्या काळी तो काही फक्त साहेबांचा खेळ नव्हता.

आखणी करताना मुलीने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की या गवतावर सहा आणि गावाबाहेर एक अशी एकूण सात मैदाने आहेत आणि सातही सार्वजनिक आहेत. ती कोणत्याही क्लबच्या मालकीची नाहीत. मैदानाशेजारी जी दगडी, भारदस्त इमारत फोटोत दिसते, ती रॉयल अँड एन्शंट या क्लबची. पण तिच्या समोरचे गवत त्या क्लबचे नाही. आम्हाला हे पटेना. एवढी मोठी इमारत, आणि अंगण दुसऱ्याचे?

त्यामागे मोठा इतिहास आहे. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने एका सनदेने गावकऱ्यांचा या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला. गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी, सारे काही. पण १७९७ साली नगरसभा कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन विकून टाकली. पुढे ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी सगळीकडे बिळे केली, खेळ बंद पडायची वेळ आली. गावकरी ससे मारू लागले, मारामाऱ्या झाल्या, खटला थेट लंडनच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेला. वीसेक वर्षे हे भांडण चालले. १८२१ साली शेजारच्या एका जमीनदाराने जमीन विकत घेऊन ती गोल्फसाठी राखली, तेव्हा कुठे ते शमले. पुढे १८९३ साली क्लबने ती जमीन घेतली. आणि १८९४ साली संसदेत खास कायदा होऊन ती नगरसभेकडे, म्हणजे गावाकडे परत आली. १९७४ पासून आणखी एका कायद्याने नेमलेला विश्वस्त मंडळाचा न्यास तिचा कारभार पाहतो. जमीन लोकांची आणि राखण न्यासाची. 'सार्वजनिक' या शब्दाची किंमत आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको. तो नुसता पाटीवर लिहून भागत नाही, तो कायद्यात लिहावा लागतो आणि त्यासाठी कोणीतरी भांडावे लागते.

आता खर्चाचे. इथे आम्ही जमिनीवर आलो. सातांपैकी सर्वांत प्रसिद्ध ते जुने मैदान, ओल्ड कोर्स. तिथे परगावच्या माणसाला हंगामात एका फेरीला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात, शिवाय आपल्याला खेळ येतो असे हँडिकॅपचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. बऱ्याच वेळा तिथे सोडतीने दिल्या जातात. दोन दिवस आधी नावे द्यायची आणि संध्याकाळी निकाल पाहायचा. एकट्याने खेळणारे लोक पूर्वी पहाटेच्या आशेने रात्रभर रांगेत बसत. २०२४ पासून त्यांचीही सोडतच निघते. गावकऱ्याला मात्र परगावच्या माणसाच्या एक-दोन फेऱ्यांच्या पैशात वर्षभराचे तिकीट मिळते. नाना म्हणाले, "तीनशे पौंड म्हणजे आपले तीस हजारांच्या वर. एवढ्यात आपल्याकडं एखाद्या पोराची वर्षाची फी भागते. ते राहू दे."

ते राहू दिले. पण सार्वजनिक मैदानांचा गुण असा की वरची पायरी परवडली नाही तरी खालची असते. सातांपैकी बालगोव्ह हे नऊ खड्ड्यांचे छोटे मैदान १९७२ साली केलेले. ते मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी आहे. तिथे प्रमाणपत्र लागत नाही, काठ्या भाड्याने मिळतात आणि दर जुन्या मैदानाच्या मानाने अगदीच थोडा. त्याखेरीज समुद्राच्या बाजूला हिमालय नावाची एक हिरवळ आहे. होय, आपला हिमालय! उंचसखल टेकाडांमुळे तिला ते नाव पडले. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या मंडळाची ती जागा. त्या काळी बायकांनी खांद्यावर हात नेऊन चेंडू मारणे शोभत नाही असे समजत; म्हणून त्यांनी हलक्या टोल्याने चेंडू खड्ड्यात ढकलण्याचा आपला स्वतंत्र खेळ उभा केला. आज सभासदांच्या ठरावीक वेळा सोडल्या तर थोड्याशा पौंडांत तिथे कोणीही खेळू शकते. काठी आणि चेंडूही तेच देतात.

तेव्हा आमचा बेत असा ठरला: शनिवारी सकाळी बालगोव्ह, दुपारी हिमालय, आणि रविवारी जुने मैदान. रविवार का, ते पुढे येईलच. मुक्काम डंडीला मुलीच्या घरी, म्हणजे राहण्याचा खर्च वाचला. ज्यांचे तिथे कोणी नसेल त्यांनी लक्षात ठेवावे, उन्हाळ्यात विद्यापीठाला सुट्टी असते तेव्हा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळतात. गावात रेल्वे नाही. तिथले स्टेशन १९६९ साली बंद झाले. एडिंबरोहून गाडीने साधारण तासाभरात ल्यूखर्सला उतरायचे आणि पुढे बसने दहा-पंधरा मिनिटांत गाव. त्या गाडीत उजवी-डावी कोणतीही खिडकी धरा, वाटेत १८९० साली बांधून झालेला फोर्थचा पोलादी पूल लागतो. आयुष्यभर लोखंडात काम केलेले नाना तो पूल संपेपर्यंत उभेच होते.

जूनमध्ये गेलो. तिथे त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण वारा असा की आम्ही जूनमध्ये स्वेटर घालून फिरलो. मुलीने डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. ती आम्ही गवताच्या कडेला बाकावर बसून खाल्ली. कोणी हटकले नाही.

बालगोव्हवर नानांनी भाड्याची पिशवी आधी सवयीने खांद्यावर घेतली. नात म्हणाली, "नाना, द्या इकडे. आज मी कॅडी." पहिल्या टोल्याला काठी चेंडूच्या वरून गेली. दुसऱ्यालाही तेच. शेजारी सात-आठ वर्षांची दोन मुले आपल्या आजोबांबरोबर खेळत होती, ती हसली नाहीत. वाट पाहत उभी राहिली. तिसऱ्या टोल्याला चेंडू उडाला. फार लांब नाही, पण सरळ. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी खाली वाकून काठीने उखडलेला गवताचा तुकडा उचलला, जागेवर बसवला आणि पायाने दाबला. साठ वर्षांपूर्वी हे काम ते दुसऱ्यांसाठी करीत असत.

खरी मजा हिमालयावर आली. तिथे जोर लागत नाही, नजर लागते. आम्ही उभयता आणि मुलगी चेंडू ढकलत होतो आणि तो भलत्याच टेकाडाला वळसा घालून परत आमच्या पायाशी येत होता. नाना उकिडवे बसायचे, गवत पाहायचे आणि सांगायचे, "डावीकडं दोन हात मार. खड्ड्याकडं बघू नको, उताराकडं बघ." त्यांनी सांगितले तसे मारले की चेंडू वळत वळत खड्ड्याशी जायचा. आमच्या मागे खेळणारे एक वृद्ध जोडपे थांबून हे पाहत होते. शेवटी त्या बाईंनी नानांना खुणेने विचारले, माझा चेंडू कुठून मारू? नानांनी बोटाने जागा दाखवली. बाईंचा चेंडू खड्ड्यात पडला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांना इंग्रजी येत नाही, त्या बाईंना मराठी नाही. पण उतार दोघांनाही कळत होता.

आता रविवार. जुन्या मैदानावर रविवारी गोल्फ बंद असतो. मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडले तर ही रीत फार जुनी आहे. त्या दिवशी ते मैदान गावाची बाग होते. जिथे आदल्या दिवशी तीनशे पौंड मोजून लोक खेळत होते, तिथे बायका बाबागाड्या ढकलत होत्या, कुत्री धावत होती, विद्यार्थी पाय पसरून बसले होते. इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या पट्टीला आडवा छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो. त्याचे नाव ग्रॅनी क्लार्क्स वाइंड, म्हणजे क्लार्क आजीची गल्ली. खेळ चालू असला तरी लोकांना वाट द्यावी लागते. मैदानाच्या कडेला एक पांढरा कठडा आहे, तोही कमरेएवढा. नाना त्या कठड्यापाशी जरा थांबले. "कोणी उठवणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारले. मग आमच्या आधी तेच पुढे निघाले.

अठराव्या पट्टीवर एक लहानसा दगडी पूल आहे, स्विल्कन नावाच्या ओढ्यावरचा. मूळचा तो मेंढपाळांचा. आज जगभरचे नामांकित खेळाडू त्यावर उभे राहून फोटो काढतात, आम्हीही काढला. याच ओढ्यावर पूर्वी गावातल्या बायका धुणे धुवायच्या आणि मैदानावरच वाळत घालायच्या. गोल्फच्या जुन्या नियमांत त्याची नोंद आहे: चेंडू कपड्यांवर पडला तर कपडा हळूच खालून ओढून घ्यावा, आणि धुण्याचा टब आड आला तर तो बाजूला करावा. बायकांनी धुणे दुसरीकडे न्यावे, असे तो नियम म्हणत नाही. आमच्या सौभाग्यवतींना ही माहिती फार आवडली.

मैदानाची एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. १७६४ साली इथे बावीस खड्ड्यांची फेरी अठराची केली गेली, आणि तीच पुढे जगभर रूढ झाली. जाताना आणि येताना खेळायची बरीचशी हिरवळ जोडीने एकच आहे. दुसऱ्या आणि सोळाव्या खड्ड्याची एक, तिसऱ्या आणि पंधराव्याची एक. अशा सातही जोड्यांची बेरीज अठराच येते. नाना चालताना बेरजा करीत होते. आणि हिरवळ आली की आम्हाला ओरडत होते, "ग्रीनवर पाय नको!"

परतताना कॅथेड्रलच्या स्मशानभूमीत गेलो. तिथे टॉम मॉरिस यांची समाधी आहे. हे एका विणकराचे पुत्र. लहान वयात चेंडू बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून शिवलेला; एक कारागीर दिवसाला चारेक चेंडूच करू शके, त्यामुळे तो फार महाग असे. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. ते स्वस्त होते. ते वापरल्यावरून मॉरिस यांचे आपल्या मालकाशी बिनसले आणि ते गाव सोडून गेले. पुढे त्यांनी ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली, आणि रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना मैदानाची राखण करायला सन्मानाने परत बोलावले. त्यांचा मुलगाही चार वेळा विजेता. तो १८७५ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून त्याचे स्मारक केले. चेंडू स्वस्त झाला तेव्हा खेळ कामकरी माणसाच्या हाती परत आला, हे आम्हाला त्या समाधीपाशी उमगले.

सगळेच गोड आहे असे मात्र समजू नये. त्या दगडी इमारतीतल्या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व द्यायचे ठरवले ते २०१४ साली. गावातली घरे महाग झाली आहेत. बाहेरच्या श्रीमंतांच्या पैशावर गावाचा बाजार चालतो. जमीन लोकांची असली तरी तिच्यावरचा प्रत्येक तास लोकांना परवडतोच असे नाही. तरी रविवार शिल्लक आहे, गल्ली शिल्लक आहे, मुलांचे मैदान शिल्लक आहे. आणि ते कोणाच्या मेहेरबानीवर नाही, कायद्यावर आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: मे ते सप्टेंबरमध्ये जावे, वाऱ्याचे कपडे न्यावेत. बालगोव्हची वेळ आधी ठरवावी. हिमालय कधी खुला आहे ते त्या दिवशी विचारावे. जुन्या मैदानाची सोडत ज्यांना परवडते त्यांनी खुशाल लावावी. पण बेत आखताना एक रविवार हाताशी ठेवाच, आणि त्या रविवारी स्पर्धा नाही ना हे आधी पाहून घ्या.

नाना आता परत आले आहेत. बालगोव्हचे गुणपत्रक त्यांनी आपल्या पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवले आहे. त्यावर नातीच्या हातचे आकडे आहेत. पहिल्या खड्ड्याला अकरा टोले. गल्लीतल्या पोरांनी विचारले, "नाना, गोल्फ खेळून आलात म्हणे?" नाना म्हणाले, "खेळलो. आणि दुसऱ्या दिवशी सगळं मैदान चालून आलो."